अमेरिकेत फेडरल केस झाली तर: आरोप, ‘कट’ आणि शिक्षेचं गणित

सरकारी पत्रकात ‘वीस वर्षांपर्यंतची शिक्षा’ असं छापून येतं. तो आकडा म्हणजे त्या कलमाची कमाल मर्यादा. प्रत्यक्ष शिक्षा फार वेगळ्या हिशेबाने ठरते, आणि आरोपीच्या घरच्यांना हा हिशेब बहुतेकदा कोणी समजावून सांगत नाही. कटाचं कलम लागलं की दोषाचं जाळं फार लांबवर पसरतं. त्यातून पूर्ण सुटणारे थोडे. पण ‘एवढ्या मोठ्या कटातला माझा भाग कोणता’ हे कागदोपत्री नीट मांडलं, तर शिक्षेत वर्षांचा फरक पडतो. म्हणून खाली कट आणि शिक्षा या दोन पायऱ्यांवर जास्त वेळ घालवला आहे.

हा मजकूर कोर्टात काय चाललंय ते कळावं म्हणून आहे. निर्णय घ्यायचे ते वकिलाशी बोलूनच.

१. केस फेडरल आहे की राज्याची, ते आधी ओळखा

कागदाच्या डोक्यावर ‘युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका विरुद्ध अमुक’ असेल तर केस फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची. ‘स्टेट ऑफ टेक्सस’ किंवा ‘पीपल ऑफ द स्टेट ऑफ न्यूयॉर्क’ असेल तर राज्याची. दोन्हींचे कायदे, जामीन, तुरुंग, सगळंच वेगळं. एकाच कृत्यासाठी दोघेही खटला चालवू शकतात.

देशात ९४ फेडरल डिस्ट्रिक्ट, म्हणजे कोर्टाचे विभाग, आहेत. केसच्या नंबरात वर्ष आणि प्रकार दिसतो: मधे ‘एमजे’ असेल तर प्रकरण अजून मॅजिस्ट्रेट जजपुढच्या तक्रारीच्या टप्प्यावर आहे, ‘सीआर’ असेल तर रीतसर फौजदारी केस उभी राहिली आहे. हा नंबर लिहून ठेवा. त्यावरून पेसर या सरकारी संकेतस्थळावर बहुतेक कागद पुण्यात बसूनही काढता येतात. पानाला १० सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीचं बिल ३० डॉलरच्या आत राहिलं तर माफ.

२. पहिल्या दिवशी काय करायचं नाही

नुकसान सर्वांत जास्त इथे होतं, आणि तेही चांगल्या हेतूने.

एफबीआय किंवा होमलँड सिक्युरिटीचा एजंट दारात आला तर त्याच्याशी बोलण्याची सक्ती नाही. पण बोललात आणि महत्त्वाच्या मुद्द्यावर जाणूनबुजून खोटं बोललात, तर तो स्वतंत्र गुन्हा आहे: टायटल १८ (फेडरल कायदेसंहितेचा फौजदारी भाग), कलम १००१, पाच वर्षांपर्यंत कैद. शपथ घेतलेली नसली तरीही. ‘मी त्याला ओळखत नाही’ हे घाबरून निघालेलं एक वाक्य मूळ आरोपापेक्षा सिद्ध करायला सोपं ठरतं. आपलं नाव सांगा आणि इंग्रजीत स्पष्ट म्हणा, ‘आय वॉन्ट अ लॉयर’. ‘मे बी आय शुड टॉक टू अ लॉयर’ अशी गुळमुळीत भाषा चालत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप चॅट पुसू नका, फोन रीसेट करू नका. तपासात अडथळा आणायच्या हेतूने पुरावा नष्ट करणं कलम १५१९ खाली येतं आणि त्याची कमाल वीस वर्षं आहे. शिवाय समोरच्याच्या फोनमध्ये ते सगळं असतंच.

तुरुंगातून येणारे फोन रेकॉर्ड होतात. मराठीत बोललं म्हणून काही फरक पडत नाही, सरकार भाषांतर करून घेतं. आईने काळजीपोटी विचारलेलं ‘अरे, पण ते पाकीट तूच आणलंस ना?’ हेही पुराव्यात जाऊ शकतं. फोनवर तब्येत, जेवण, वकिलाची वेळ, एवढंच बोला.

गावाकडून हमखास येणारे दोन सल्ले आहेत. एक, अटकपूर्व जामीन घ्या. फेडरल कायद्यात तसा प्रकार नाही. दुसरा, पैसे परत करून मिटवून टाका. तक्रारदाराने माफ केलं तरी फेडरल केस त्याच्या हातात नसते, आणि पीडिताला किंवा साक्षीदाराला परस्पर गाठलंत तर साक्षीदारावर दबाव आणल्याचा नवा आरोप येऊ शकतो. पैसे परत करायचेच असतील तर वकिलामार्फत, नोंद ठेवून.

भारतीय दूतावासाला कळवणं आपोआप होत नाही. काही देशांच्या नागरिकांबाबत अमेरिकेवर तसं बंधन आहे, पण भारत त्या यादीत नाही. व्हिएन्ना कराराच्या ३६व्या कलमाखाली आरोपीने स्वतः मागणी करावी लागते. दूतावास वकिलाची फी भरत नाही आणि केसमध्ये हात घालत नाही, पण भेट घेतो आणि घरच्यांशी संपर्क करून देतो.

तोवर घरच्यांनी हे गोळा करून ठेवावं:

- पासपोर्ट, व्हिसा, आय-९४. विद्यार्थी असेल तर आय-२०, नोकरदार असेल तर आय-७९७
- केस नंबर, तक्रार किंवा इंडिक्टमेंटची (औपचारिक आरोपपत्राची) प्रत, पुढची तारीख
- भाडेकरार, नोकरीचं किंवा कॉलेजचं पत्र, अमेरिकेतल्या नातेवाइकांचे पत्ते
- बँक स्टेटमेंट आणि टॅक्सचे कागद
- आजारपणाचे कागद, चालू औषधांची यादी

३. वकील

ऐपत नसेल तर कोर्ट वकील देतं. त्यासाठी उत्पन्न आणि मालमत्तेचा फॉर्म शपथेवर भरावा लागतो. घाईत भारतातली जमीन किंवा संयुक्त खातं लपवू नका. फेडरल पब्लिक डिफेंडर म्हणजे ‘फुकटचा, म्हणून कच्चा’ ही समजूत सोडा. हे लोक रोज फेडरल केसच चालवतात. ट्रॅफिक तिकिटं आणि घटस्फोट सांभाळणारा ओळखीचा देशी वकील हजारो डॉलर घेऊन हाच कायदा नव्याने शिकत बसेल, त्यापेक्षा ते बरे. खासगी वकील करायचाच तर एवढं विचारा: याच डिस्ट्रिक्टमध्ये किती फेडरल शिक्षांच्या सुनावण्या लढवल्या आणि फीमध्ये ट्रायल (प्रत्यक्ष खटला) धरलं आहे का?

नागरिक नसाल तर इमिग्रेशनचा वकील पहिल्या महिन्यातच जोडून घ्या. पडिया विरुद्ध केंटकी (२०१०) या निकालानुसार गुन्हा कबूल केल्याने हद्दपारी होईल का, हे सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे. तरी तो सांगेल याची वाट पाहू नका, लेखी विचारा.

दुभाषी मोफत मिळतो. ‘हिंदी चालेल’ म्हणू नका. कायदेशीर हिंदी कळत नसेल तर मराठीच मागा.

४. जामीन

फेडरल कोर्टात प्रश्न दोनच असतात: पळून जाईल का, आणि समाजाला धोका आहे का. सरकारने कोठडी मागितली तर सुनावणी साधारण तीन दिवसांत, बचाव पक्षाने वेळ मागितला तर पाच दिवसांत होते. एजंटला दहा टक्के देऊन सुटायची राज्य कोर्टातली पद्धत इथे फारशी चालत नाही. पासपोर्ट जमा, पायात जीपीएस, जबाबदारी घेणारा नातेवाईक, घरावर बाँड अशा अटी असतात. मोठे अमली पदार्थांचे आरोप असतील तर कायदा कोठडीच्याच बाजूने झुकलेला आहे.

परदेशी नागरिकासाठी इथे एक पेच आहे. आयसीईचं (इमिग्रेशन खात्याचं) डिटेनर, म्हणजे ‘सोडण्याआधी आमच्या ताब्यात द्या’ अशी मागणी, असेल तर फेडरल जामीन मिळताच माणूस इमिग्रेशनच्या कोठडीत जाऊ शकतो. तिथले दिवस नंतर शिक्षेतून वजा होतील असं धरून चालू नका. डिटेनर आहे का हे विचारून मगच जामिनाचा अर्ज करायचा की नाही ते ठरवा.

५. इंडिक्टमेंट वाचायचं कसं

ग्रँड ज्युरीत, म्हणजे खटला भरण्याइतपत आधार आहे का हे पाहणाऱ्या मंडळात, १६ ते २३ नागरिक असतात आणि १२ जणांनी होकार दिला की इंडिक्टमेंट निघतं. बचाव पक्षाला तिथे प्रवेश नसतो, त्यामुळे ‘ग्रँड ज्युरीने दोषी ठरवलं’ हे वाक्य चुकीचं आहे. अटकेपासून ३० दिवसांत इंडिक्टमेंट आणि त्यानंतर ७० दिवसांत ट्रायल असा नियम आहे. मात्र त्यातून वगळायचे दिवस इतके असतात की अनेक आरोपींची केस वर्षभर सहज लांबते.

वाचताना प्रत्येक काउंटखालचं, म्हणजे स्वतंत्र आरोपाखालचं, कलम वेगळं काढा. आपलं नाव कोणत्या काउंटमध्ये आहे, कोणत्या परिच्छेदात, कोणत्या तारखेला, ते रंगवून ठेवा. चाळीस पानांत नाव तीनच ठिकाणी आलेलं असतं, आणि पुढची सगळी लढाई त्या तीन ठिकाणांवर होते. शेवटची जप्तीची नोटीस लोक वाचतच नाहीत. गाडी, खातं, कधी घरही त्यात असतं. ‘सुपरसीडिंग इंडिक्टमेंट’ (जुन्याची जागा घेणारं नवं) आलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचा.

६. ‘कट’ म्हणजे नेमकं काय

कटाचा गाभा म्हणजे गुन्हा करण्याबद्दल दोन किंवा अधिक माणसांची समजूत. लेखी करार लागत नाही, सगळ्यांची ओळख लागत नाही, गुन्हा यशस्वी व्हावा लागत नाही. ठरलेली गोष्ट अशक्य झाली होती, पोलिसांनी माल आधीच पकडला होता, हाही बचाव नाही. आणि कट व प्रत्यक्ष गुन्हा हे दोन वेगळे अपराध असल्याने दोन्हींची शिक्षा होऊ शकते.

कटाची कलमं अनेक आहेत आणि त्यांत मोठा फरक आहे:

- कलम ३७१: सर्वसाधारण कट. कमाल पाच वर्षं. कटातल्या कोणीतरी एकाने तरी पुढे जाऊन काहीतरी प्रत्यक्ष कृती केलेली असावी लागते. ती कृती साधा फोन किंवा बँकेची फेरीही असू शकते.
- कलम १३४९: वायर (फोन, इंटरनेट वगैरे), मेल (टपाल), बँक फ्रॉडचा कट. मूळ गुन्ह्याएवढीच कमाल, म्हणजे वायर फ्रॉडला वीस वर्षं, बँकेला झळ बसली असेल तर तीस.
- कलम १९५६ (एच): मनी लाँडरिंगचा कट. प्रत्यक्ष कृती दाखवायची गरज नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये सांगितलं.
- टायटल २१, कलम ८४६: अमली पदार्थांचा कट. इथेही प्रत्यक्ष कृती लागत नाही, आणि वजनानुसार किमान शिक्षा ठरलेली. फेंटानिलचं मिश्रण ४० ग्रॅम असेल तर किमान पाच वर्षं, ४०० ग्रॅम असेल तर दहा.

१३४९ ऐवजी ३७१ खाली कबुली, ही वाटाघाट म्हणूनच महत्त्वाची. कमाल मर्यादा एकदम पाचवर येते.

आता जाळं किती पसरतं ते. पिंकर्टन निकाल (१९४६) दोन भावांचा होता. एका भावाने काही गुन्हे केले तेव्हा दुसरा भाऊ वेगळ्या प्रकरणात तुरुंगात होता, तरी तोही त्या गुन्ह्यांसाठी दोषी ठरला. नियम असा: साथीदाराने कटाच्या पूर्ततेसाठी केलेला आणि अंदाज करता येण्याजोगा गुन्हा तुमच्याही खाती पडतो. शिवाय कट चालू असताना साथीदाराने कटासाठी केलेली विधानं तुमच्याविरुद्ध वापरता येतात. तो साक्षीला आला नाही तरी.

मराठी वाचकाला जवळचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. त्याच महिन्यात अमेरिकेत, ह्यूस्टनच्या फेडरल कोर्टातलं अहमदाबादच्या पाच कॉल सेंटरांविरुद्धचं इंडिक्टमेंट उघड झालं. त्यात ५६ माणसं आरोपी होती. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेतल्या साखळीतल्या २१ जणांना शिक्षा झाल्या, सर्वांत मोठी वीस वर्षं. फसवणुकीचे फोन भारतातून झाले होते, पण कटाचं कलम साखळीच्या दोन्ही टोकांना एकाच कागदावर आणतं.

मग बचाव कुठे आहे? नुसती हजेरी, नुसती मैत्री किंवा एकाच खोलीत राहणं म्हणजे कट नव्हे. कटातला दुसरा माणूस फक्त सरकारचा खबऱ्या असेल तर समजूत कोणाशी झाली, हा प्रश्न उभा राहतो. एकाच सूत्रधाराशी स्वतंत्र व्यवहार करणारे, एकमेकांशी काही संबंध नसलेले लोक ‘एका कटात’ बसत नाहीत (कोटियाकोस निकाल, १९४६). आणि माहिती असणं सरकारला सिद्ध करावंच लागतं. पण ‘पाकिटात काय आहे हे मी विचारलंच नाही’ हा बचाव धोक्याचा आहे. संशय येऊनही मुद्दाम डोळे मिटले, असं ज्युरीला वाटलं तर ते माहिती असण्याच्या बरोबरीचं धरलं जातं.

‘मी मध्येच सोडलं होतं’ म्हणायचं तर ते आरोपीने सिद्ध करायचं असतं (स्मिथ, २०१३). गप्पपणे बाजूला होणं पुरत नाही. साथीदारांना स्पष्ट कळवलेलं किंवा पोलिसांना सांगितलेलं असावं लागतं.

७. कबुली की ट्रायल

बहुतांश फेडरल केस कबुलीने संपतात. कबुलीच्या करारात फौजदारी प्रक्रियेच्या नियम ११(सी)(१)चा ‘बी’ लिहिला आहे की ‘सी’ ते बघा. ‘बी’ असेल तर सरकारची शिफारस जजवर बंधनकारक नाही, आणि जास्त शिक्षा झाली म्हणून कबुली मागे घेता येत नाही. ‘सी’ असेल आणि जजने करार स्वीकारला, तर ठरलेली शिक्षा किंवा टप्पा त्याच्यावर बंधनकारक. अपीलचा हक्क सोडल्याचं कलम जवळपास नेहमीच असतं.

सही करायच्या आधी ‘फॅक्चुअल बेसिस’चा (गुन्ह्याच्या तथ्यांच्या निवेदनाचा) प्रत्येक शब्द तपासा, विशेषतः नुकसानीचा आकडा. फसवणुकीत नुकसान १०,००० डॉलरच्या वर असेल तर इमिग्रेशन कायद्यात तो ‘अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी’ होतो, म्हणजे हद्दपारी ओढवणारा गंभीर गुन्हा, कट असला तरी. निजहावन विरुद्ध होल्डर (२००९) या केसमध्ये ज्युरीने नुकसानीचा आकडा ठरवलाच नव्हता. पण शिक्षेच्या वेळी आरोपीने १० कोटी डॉलरपेक्षा जास्त नुकसान मान्य केलं होतं, आणि हद्दपारीसाठी तेच ग्राह्य धरलं गेलं. ग्रीनकार्डधारकालाही यातून सूट नाही.

सरकारला मदत करायची असेल तर आधी ‘प्रॉफर’ बैठक, म्हणजे माहीत असलेलं सरकारला सांगायची बैठक, होते. तिथे अर्धं खरं सांगणं सगळ्यात वाईट: सवलत जाते आणि खोटं बोलल्याचा ठपका येतो.

८. शिक्षेचं गणित

१९८४च्या कायद्यानुसार १ नोव्हेंबर १९८७ पासून शिक्षा ठरवण्याच्या गाइडलाइन्स लागू झाल्या आणि त्यानंतरच्या गुन्ह्यांसाठी फेडरल पॅरोल (शिक्षा संपण्याआधीची सुटका) बंद झाला. बुकर निकालानंतर (२००५) गाइडलाइन्स बंधनकारक नाहीत, पण प्रत्येक जज सुरुवात तिथूनच करतो. तक्ता साधा आहे: उभ्या बाजूला गुन्ह्याच्या १ ते ४३ पातळ्या, आडव्या बाजूला पूर्वेतिहासाचे सहा वर्ग. छेदात महिन्यांचा टप्पा.

एक काल्पनिक उदाहरण २०२४च्या गाइडलाइन्स मॅन्युअलने करून बघू. मॅन्युअल बदलत असतं, म्हणून आपल्या वर्षाचं तपासा. एक विद्यार्थी ज्येष्ठांना फसवणाऱ्या टोळीसाठी रोख रकमेची पाकिटं उचलत होता. पूर्वी गुन्हा नाही, कबुली १३४९ खाली. त्याने उचललेली रक्कम ३ लाख डॉलर, पूर्ण टोळीची २० लाख.

- मूळ पातळी: ७
- नुकसान अडीच लाखांच्या वर: +१२
- दहा किंवा जास्त पीडित: +२
- योजनेचा मोठा भाग परदेशातून चालला: +२
- वृद्ध, सहज फसणारे पीडित: +२
- दुय्यम भूमिका: −२
- जबाबदारी स्वीकारली: −३

एकूण २०. पहिल्या वर्गात टप्पा ३३ ते ४१ महिने.

आता तोच मुलगा, तीच कृत्यं, पण नुकसान पूर्ण टोळीचं लावलं: +१२ च्या जागी +१६, पातळी २४, टप्पा ५१ ते ६३. दुय्यम भूमिकेची सूटही नाकारली तर २६, म्हणजे ६३ ते ७८. वीस लाख तुमचे कधी धरायचे? गाइडलाइन्सचा नियम पिंकर्टनपेक्षा अरुंद आहे. दुसऱ्याचं कृत्य तुम्ही स्वतः पत्करलेल्या कामाच्या व्याप्तीत असलं पाहिजे, त्या कामासाठी केलेलं असलं पाहिजे, आणि अंदाज करता येण्याजोगं असलं पाहिजे. तिन्ही हवं. ‘त्याला अंदाज होता’ एवढं पुरत नाही. तुम्ही कामाला लागण्याआधीचं नुकसान तर सहसा तुमच्यावर येतच नाही, पण सामील झाल्याची तारीख पुराव्याने दाखवावी लागते: पहिला मेसेज, पहिली उबर फेरी, पहिली जमा रक्कम.

पूर्वेतिहास शून्य असलेल्यांना २०२३ पासून आणखी दोन पातळ्यांची सूट आहे. वरच्या उदाहरणात ती मिळणार नाही, कारण ‘सहज फसणारे पीडित’ची वाढ लागली की ती सूट जाते. म्हणजे ते +२ प्रत्यक्षात चार पातळ्यांचं आहे. वकिलाने त्यावर आक्षेप घेतला का, हे विचाराच.

टप्पा ठरल्यावर जज माणूस, परिस्थिती, इतर आरोपींच्या शिक्षा पाहून खाली किंवा वर जाऊ शकतो. इनसायडर ट्रेडिंगमध्ये दोषी ठरलेल्या रजत गुप्तांच्या केसमध्ये गाइडलाइनचा टप्पा ७८ ते ९७ महिने होता; ऑक्टोबर २०१२ मध्ये जज रॅकॉफ यांनी २४ महिने दिले, सोबत ५० लाख डॉलर दंड. मात्र कायद्यात किमान शिक्षा असेल तर जजलाही खाली जाता येत नाही. त्याला दोनच दारं: ‘सेफ्टी व्हॉल्व्ह’, म्हणजे अटी पूर्ण करणाऱ्याला किमान शिक्षेखाली जाऊ देणारी तरतूद, जी मुख्यतः अमली पदार्थांच्या केसना लागू, किंवा सरकारने ‘मोठी मदत केली’ म्हणून स्वतः केलेला अर्ज.

९. पीएसआर

कबुलीनंतर कोर्टाचा प्रोबेशन ऑफिसर मुलाखत घेऊन प्री-सेंटेन्स रिपोर्ट (पीएसआर, शिक्षेआधीचा अहवाल) लिहितो. मुलाखतीला वकील हवाच. रिपोर्ट सुनावणीच्या किमान ३५ दिवस आधी मिळतो आणि मिळाल्यापासून १४ दिवसांत लेखी आक्षेप द्यायचे असतात. आक्षेप घेतला नाही तर जज ते तथ्य मान्य धरतो. हाच रिपोर्ट पुढे तुरुंग खात्याकडे जातो, म्हणून आजार आणि औषधं त्यात नीट आली पाहिजेत.

घरच्यांची पत्रं इंग्रजी भाषांतरासह, वकिलामार्फत. ‘आमचा मुलगा निर्दोष आहे, त्याला अडकवलंय’ असं पत्र कबुलीनंतर गेलं तर जबाबदारी स्वीकारल्याची सूटच धोक्यात येते. नगरसेवकाच्या लेटरहेडवरच्या शिफारशीचा उपयोग नाही. शेजाऱ्याने किंवा शिक्षकाने लिहिलेला एक ठोस प्रसंग जास्त कामाचा.

१०. शिक्षेनंतर

चांगल्या वर्तनासाठी दर वर्षाच्या शिक्षेमागे ५४ दिवसांपर्यंत सूट. फर्स्ट स्टेप अ‍ॅक्टचे जादा क्रेडिट (तुरुंगातल्या कार्यक्रमांत भाग घेतल्याबद्दल लवकर सुटकेसाठी मिळणारे दिवस), हद्दपारीचा अंतिम आदेश असलेल्याला वापरता येत नाहीत. परदेशी नागरिकाला सहसा किमान सुरक्षेच्या कॅम्पात ठेवत नाहीत. नुकसानभरपाई बहुधा सामायिक असते: सूत्रधार फरार असेल तर पूर्ण रकमेसाठी पाकिटं उचलणाराही जबाबदार, आणि वसुली सुटकेनंतर वीस वर्षं चालू शकते. प्रत्येक फेलनी (गंभीर गुन्हा) काउंटमागे १०० डॉलरची सक्तीची आकारणी वेगळी.

अपीलची नोटीस निकालाची नोंद झाल्यापासून १४ दिवसांत. अपीलचा हक्क सोडलेला असला तरी आरोपीने सांगितलं तर वकिलाला नोटीस दाखल करावीच लागते (गार्झा, २०१९), म्हणून सांगायचं ते लेखी सांगा. वकिलाने चुकीचा सल्ला दिल्याची तक्रार कलम २२५५ खाली, निकाल अंतिम झाल्यापासून एका वर्षात. कैद संपून इमिग्रेशनकडे ताबा गेल्यावर तिथे सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, म्हणून त्या टप्प्यासाठीचे पैसे आणि वकील सुटकेच्या काही महिने आधीच ठरवून ठेवा.